गाडीच्या गालावरचा बिब्बा

दात घासता घासता सखाराम पाष्टे घरापुढच्या खळ्याच्या मध्यावर थबकला. तोंडातलं पांढरं मंजन हनुवटीवरून ओघळून बनियनवर आलं, तरी त्याला पत्ता नव्हता. ओटीवर चहा पीत बसलेल्या सुनंदाला वाटलं, दादाला साप-जनावर दिसलं. ती कोपऱ्यातली काठी घेऊन धावली. पण खळ्यात जनावर नव्हतं. फणसाखाली आकाशी रंगाची फियाट उभी होती आणि दादा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

फियाटच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या जाळीच्या वर अगदी मधोमध, एक तपकिरी ठिपका होता. दोन्ही दिव्यांच्या वर एकेक होता. चौथा ड्रायव्हरच्या दारावर होता. प्रत्येक ठिपका चार आण्यांच्या नाण्याएवढा, कडेला जरासा पसरलेला.

"फणसाचा चीक पडला काय गो?" सखारामनं तोंड न पुसताच विचारलं.

"चीक असा अंतर राखून पडत नाही, दादा." सुनंदा वाकली आणि तिनं ठिपक्याला नाक लावलं. "हा बिब्बा आहे."

सुनंदा नुकतीच रत्नागिरीतून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली होती. समोर काही आलं की आधी त्याचा वास घ्यायचा, मग नाव शोधायचं, ही तिची खोड प्रयोगशाळेच्याही आधीची होती. लहानपणी ह्याच खोडीपायी तिनं राळेचा खडा चाखून बघितला होता.

विहिरीवरून कळशी घेऊन येणारी गोदाआते दोघांना गाडीपाशी बघून हसली. गोदाआते त्यांच्या वडिलांची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर ह्या दोघांना तिनंच वाढवलं होतं.

"दिसला काय? म्या लावला. काल दिवेलागनीला."

"आते, अगो कशाला?"

"कशाला म्हंजे? काल अख्खी वाडी बघून गेली. वरच्या आळीतल्या बायकांनी तर हात फिरवून फिरवून बघितलान. पोर पालन्यात घातला की तीट लावतो ना आपुन? काजल पुसून जाता, म्हनून बिब्बा लावला. एक कपालाला, दोन गालांना आनि एक तू बसतोस त्या दाराला. आता धा वर्सं जायचा नाय."

सखाराम मटकन जोत्यावर बसला. त्याची बायको सावित्री चुलीपुढून उठून दारात आली होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"सांगा आता," ती म्हणाली. "काल सांगायला तोंड नव्हता ना तुमाला? आता सांगा."

सखारामनं बनियनच्या टोकानं तोंड पुसलं. "आते, गाडी माझी नाय."

"मंग कुनाची?"

"शेटची. मी ड्रायवर हाय."

गोदाआतेनं कळशी खाली ठेवली. "मंग काल नारल कशाला फोडलास?"

खरं सांगायचं तर त्यानं कुणालाही गाडी माझी आहे असं म्हटलं नव्हतं. संपात गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षं त्यानं मिळेल ते काम केलं, लालबागच्या एका मित्राकडून गाडी शिकला आणि तीन महिन्यांपूर्वी त्याला कोरगावकरशेटकडे नोकरी लागली. शेट आंब्याच्या खरेदीसाठी रत्नागिरीला आले आणि भाट्याला एका ओळखीच्या बागायतदाराकडे उतरले. "मी इथे दोन दिवस बागा बघत फिरणार. पालीच्या पुढे तुझं घर आहे ना? जाऊन ये. रविवारी पाचला गाडी दारात पाहिजे," असं ते म्हणाले. सखाराम हॉर्न वाजवत वाडीत शिरला तर समोर आते आरती घेऊन उभी. बाजूला शेजारचा केरूनाना, त्याच्यामागे वाडीतली झाडून सगळी माणसं. दोन वर्षं जो गिरणीवाला रिकाम्या हातानं सणाला येत होता, तो गाडीतून उतरला होता. अशा वेळी आतेनं हातात दिलेला नारळ नको म्हणायला त्याची जीभ वळली नाही.

"शेटनी पहिल्याच दिवशी सांगितलान," तो आता म्हणाला, "गाडीला ओरखडा दिसला तर चावी टेबलावर ठेवायची आनि निघायचा. आदीच्या ड्रायवरला तसाच घालवलानी. ह्यो तर ओरखडा पन नाय. ह्यो कोनाला सांगू काय म्हनून?"

सावित्रीनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"पाचाला अजून खूप वेळ आहे," सुनंदा म्हणाली. "आधी साधं काहीतरी करून बघू."

साधं म्हणजे तिला धुण्याचा सोडा सुचला. सावित्रीनं कोमट पाण्यात सोडा कालवून दिला. सुनंदानं फडक्याचा बोळा केला आणि दारावरच्या ठिपक्यावर हलक्या हातानं फिरवला. ठिपक्याचा तपकिरी रंग बघता बघता गडद झाला, मग काळसर झाला, मग शाईसारखा कुळकुळीत काळा. सुनंदा क्षणभर हरखून बघतच राहिली. इतका सुंदर रंगबदल तिनं परीक्षानळीतही पाहिला नव्हता. घाईघाईनं तिनं दुसऱ्या ठिपक्यावर बोळा फिरवला, तोही तसाच! ही परीक्षानळी नाही, गाडीचं कपाळ आणि गाल आहेत, ह्याचं भान तिला चारही ठिपके काळे झाल्यावर आलं.

"पुसतेस का रंगवतेस?" मागून सखारामचा रडवेला आवाज आला.

सुनंदानं कपाळावर हात मारला. परीट कपड्यावर बिब्ब्याची खूण करतो आणि ती पक्की व्हावी म्हणून तिच्यावर चुना लावतो. चुना काय, सोडा काय, दोघांची जात एकच. आतेचं अर्धं राहिलेलं काम तिनं पुरं करून दिलं होतं.

"शिकल्याली पोर माजी!" गोदाआते कौतुकानं म्हणाली. "मना चुन्याची आठवन ऱ्हायली व्हती."

"आते, तू गप गो!"

एव्हाना केरूनाना कुंपणाचं बेडं सरकवून आत आला होता. केरूनानानं तरुणपणी पूर्णगडला होड्या रंगवल्या होत्या आणि देवळाच्या दारांनाही त्याचाच हात होता. रंगाचा विषय निघाला की वाडीत दुसऱ्या कुणी बोलायची सोय नसे. सखाराम ड्रायव्हर आहे हे ऐकून तो जराही हलला नाही.

"ता मना कालच कलला," तो म्हणाला. "मालक सोता गाडी पुसत नाय. तू उतरल्या उतरल्या फडका काढलास. सोड ता. थिनर हाय माज्याकडं. एक हात मारतो, डाग ऱ्हायला तर मिशी उतरवीन."

सखाराम आशेनं उठला. सुनंदा आडवी आली.

"गाडीवर नाही, नाना. आता गाडीवर पहिला हात कुणीच मारायचा नाही. मी पण नाही. आधी दुसऱ्या कशावर तरी बघायचं."

दुसरं काहीतरी म्हणजे रंगवलेला पत्रा हवा होता. वाडीत सायकल एकच, ती मास्तरांची, आणि मास्तर तिच्यावर माशी बसू देत नसत. मग सावित्रीला सखारामची गिरणीच्या काळातली ट्रंक आठवली. हिरव्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत 'सखाराम' लिहिलेली. ट्रंक खळ्यात आली. सुनंदानं आतेकडून उरलेला बिब्बा मागून घेतला, दाभणाला टोचून निखाऱ्यावर धरला आणि पाझरलेल्या तेलाचे ठिपके झाकणाच्या एका कडेला ओळीनं काढले. उन्हात सुकवले. मग सोडा फिरवून आपण केलेली चूकही इमानानं पुन्हा केली. ट्रंकेवर काळे ठिपके चमकू लागले.

"आता मारा हात, नाना. पण एवढ्या कडेलाच."

नानानं बाटलीचं बूच काढलं, फडकं भिजवलं आणि सवयीनं भिंत रंगवावी तसा लांबलचक हात मारला. डाग गेला. त्याच्याबरोबर हिरवा रंग गेला, आणि फडकं जिथवर पोचलं तिथवरची पांढरी अक्षरंही गेली. 'सखा' पुसला गेला. खाली उघडा पत्रा दिसू लागला.

नानानं फडकं मागे लपवलं.

"राम तरी उरला," तो म्हणाला.

सावित्री इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. सखारामही हसला, आणि हसता हसता गाडीकडे नजर गेल्यावर त्याचा चेहरा पुन्हा पडला. तोच हात गाडीवर मारला असता तर शेटना आज पत्रा दाखवावा लागला असता.

"मिशीचं काय, नाना?" सावित्रीनं विचारलं.

"डाग गेला ना? मिशी ऱ्हायली."

सुनंदानं पुढचे ठिपके घेतले. रॉकेलनं वरचा थर निघाला, पण खालचं काळं कडं तसंच चिकटून राहिलं. बिब्ब्याचं तेल वाळलं की त्याचा वार्निशासारखा कडक पापुद्रा होतो, हे ती नखानं खरवडून बघत होती. आणि तसं बघताना तिचं लक्ष आतेच्या बोटांकडे गेलं. आते शेजारी बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होती. बोटं स्वच्छ होती.

"आते, काल चार ठिपके काढलेस, तर तुझ्या बोटांना डाग कसा नाही?"

"आदी नारलाचा त्याल लावल्याबिगर बिब्ब्याला हात लावतात काय? उततो ना तो! आंगभर फोड येतील."

सुनंदा तिच्या बोटांकडे बघत राहिली. तेलकट पदार्थ तेलकटातच विरघळतो, हे तर तिनं परीक्षेच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. रॉकेल मात्र आत मुरायच्या आधीच उडून जात होतं. कापसाचा बोळा खोबरेल तेलात बुडवून तिनं ट्रंकेवरच्या पुढच्या ठिपक्यावर ठेवला, वर फणसाचं पान झाकलं आणि ट्रंक उन्हात सरकवली.

"आता?" सखाराम म्हणाला.

"आता थांबायचं."

थांबणं हे सखारामला सगळ्यात कठीण होतं. त्यानं दोनदा पान उचलून बघितलं आणि दोनदा बहिणीच्या शिव्या खाल्ल्या. जेवणं होईपर्यंत ऊन चढलं, ट्रंक तव्यासारखी तापली, आणि पान काढल्यावर ठिपका ओलसर, मऊ झालेला दिसला. सुनंदानं त्याच्यावर रॉकेलचा बोळा फिरवला. बराचसा काळा रंग कापसावर आला. मागे धुरकट सावली राहिली.

ही सावली कशानं जाईल? ती घरात गेली आणि दादाचा मंजनाचा डबा घेऊन आली. सकाळी त्याच्या हनुवटीवरून ओघळलं होतं तेच पांढरं मंजन. तिनं ते आपल्या जुन्या मलमलच्या ओढणीतून चाळलं, ओल्या फडक्यावर चिमूटभर घेतलं आणि सावलीवर सावकाश, सरळ रेषेत घासलं. दात झिजत नाहीत, तर रंग किती झिजेल? सावली गेली. हिरवा रंग जागच्या जागी होता.

"आता गाडी," ती म्हणाली.

फियाट उन्हात आली. चारही ठिपक्यांवर तेलाचे बोळे, वर पानं. जखमेला पोटीस बांधावं तशी गाडी दिसू लागली. कुंपणाबाहेर जमलेल्या बायकांपैकी एकीनं काळजीनं विचारलंही, "बरी हाय ना गाडी?" मग रॉकेल, मग मंजन. कपाळ स्वच्छ झालं. दोन्ही गाल स्वच्छ झाले. दारावरचा शेवटचा डाग निघाला तेव्हा सखारामनं बहिणीला उचलायचंच बाकी ठेवलं. सुनंदानं ओल्या फडक्यानं गाडी पुसली आणि चार पावलं मागे सरून बघितलं.



काळे ठिपके गेले होते. त्यांच्या जागी चार चकत्या झगझगीत चमकत होत्या. कोरगावकरशेटची गाडी माहीमच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहायची आणि तिचा आकाशी रंग कधीच पिठूळ झाला होता, हे रोज बघून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मंजनानं त्याच्यावरचं पीठ निघालं आणि खालचा मूळचा रंग वर आला. फडक्यावर निळं काहीतरी लागत होतं, ते सुनंदानं मघाशीच पाहिलं होतं. ती रंगाची मेलेली कातडी होती.

"आदीचा बरा व्हता," केरूनाना म्हणाला. "लांबून दिसत तरी नव्हता."

सखाराम जोत्यावर परत बसला. "मी चावी ठेवतो टेबलावर. आपुन होऊन ठेवलेली बरी."

"थांब रे!" सुनंदा गाडीभोवती फिरत होती. एका चकतीची कड तिनं बोटानं तपासली, मग शेजारची पिठूळ जागा. "दादा, डाग म्हणजे काय? आजूबाजूपेक्षा वेगळं दिसतं ते. मग चकत्या घालवायला नकोत. बाकीची गाडी घालवायची."

"म्हंजे?"

"सगळी गाडी घासायची. वैनी, घरात मंजन किती आहे?"

डब्यात तळाला लागेल एवढंच होतं. सावित्री कुंपणाशी गेली आणि बाहेरच्या बायकांना काय हवं ते सांगितलं. आधी कुणी हललं नाही.

"म्हंजे गाडी शेटची आनि घाम आमचा?" केरूनाना मोठ्यानं म्हणाला.

गोदाआते उठली. तिनं पदर खोचला. "ठिपका म्या लावलाय. मी घासनार. काल नारलाचा परसाद कोनी कोनी खाल्लान ता मना आठवताहा."

एवढं पुरे झालं. कुणी पांढरं मंजन आणलं, कुणी गुलाबी. मास्तरांच्या घरून चक्क दोन डबे आले, कारण मास्तर मुंबईहून साठा करून आणत. एका म्हातारीनं राखुंडी आणली. सुनंदानं ती ट्रंकेवर घासून बघितली, बारीक चरे पडले, तेव्हा म्हातारीला मान देऊन मंजन चाळायच्या कामाला बसवलं. बाकीच्यांना तिनं गाडी वाटून दिली. बॉनेट आतेला आणि सावित्रीला, उजवी दारं वरच्या आळीला, डावी खालच्या आळीला. मागची डिकी केरूनानाला.

"गोल गोल घासायचं नाही! सरळ! उभ्या रेषेत!" ती ओरडत फिरत होती.

"ही काय भाकरी थापतो आमी? कलता आमाला," खालच्या आळीतून उत्तर आलं.

"वरच्या आळीची बाजू काळी दिसताहा बघा," कुणीतरी म्हणालं, आणि मग वरची आळी अशी काही भिडली की सुनंदाला त्यांना आवरावं लागलं. सखाराम एकीकडून दुसरीकडे पाण्याच्या बादल्या नेत होता. हसण्याबोलण्याच्या आवाजात गाडीचा रंग हळूहळू पुढून मागे उमलत गेला. केरूनाना डिकीवर शेवटचा हात मारून मागे झाला आणि म्हणाला, "होडी पन अशी रंगवली नव्हती मी." त्यानं आपली मिशी डिकीत बघून घेतली.

टपाच्या मधल्या भागाला मात्र कुणाचा हात पुरेना. शिडी आणेपर्यंत वेळ राहिला नव्हता.

"असूं दे," सखाराम म्हणाला. "निघतो आता."

"थांब," आते आडवी आली. तिच्या हातात पुन्हा बिब्बा होता. "काल साधी होती तरी मी लावला. आज तर आरशासारकी झालीय. अशी उघडीवाघडी पाठवू?"

"आते!" सखाराम आणि सावित्री एकदम ओरडले.

सुनंदा आते आणि गाडीच्या मधे उभी राहिली. आतेच्या बोटांवर सोलल्यासारखे लाल डाग पडले होते, इतकं तिनं घासलं होतं. सुनंदानं गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि चिखल उडू नये म्हणून तिथे लोंबणारा रबराचा पट्टा बोटानं धरला.

"इथे लाव."

"ह्या काल्या रबरावर? दिसायचा नाय."

"लागू पडायला तो दिसायलाच हवा असं कुठे आहे?"

आतेनं विचार केला. मग खाली बसून तिनं रबराला मनापासून ठिपका लावला.

सुनंदाला रत्नागिरीच्या खोलीवर जायचंच होतं, म्हणून ती गाडीतच बसली. हातखंब्याच्या वळणावर सखाराम एकदाच बोलला. "सांगू की नको?"

"विचारलं तर सांग."

भाट्याच्या बागेत शेट माडाखाली खुर्ची टाकून बसले होते. उंच, सडसडीत माणूस. गाडी थांबली तसे ते उठले आणि उठल्यावर जागीच राहिले. मग सावकाश गाडीभोवती फिरले. बॉनेटवर त्यांनी तळवा फिरवला, तो उलटा करून बघितला.

"हिला काय केलंस?"

चावी सखारामच्या मुठीत होती. त्यानं आतेनं लावलेल्या बिब्ब्यापासून आळ्यांच्या भांडणापर्यंत सगळं सांगितलं, नारळसुद्धा लपवला नाही. बोलता बोलता त्याची मूठ पुढे होत होती, जणू टेबल समोरच होतं.

"कुठे होते ठिपके?" शेटनी विचारलं.

सखाराम वाकला. कपाळ बघितलं, गाल बघितला. त्यानं बहिणीकडे पाहिलं. सुनंदा पुढे झाली, चेहरा रंगाजवळ नेला, डोकं तिरकं केलं. एक बोट ठेवलं, उचललं, दुसरीकडे ठेवलं.

"इथेच कुठेतरी," ती म्हणाली. "मला सापडत नाही."

शेटनी टपावरून नजर फिरवली.

"टप राहिलाय."

"हात पुरला नाय, साहेब."

"पुढच्या महिन्यात आंबा उतरवायला यायचंच आहे. तेव्हा वाडीत शिडी आधी आणून ठेवायला सांग." त्यांनी मागचं दार उघडलं, आत एक पाय टाकला आणि थांबले. बागेतली गडीमाणसं काम टाकून गाडीकडे बघत उभी होती. शेटनी त्यांच्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि आवाज उतरवून सुनंदाला विचारलं, "तुमच्या आत्यांनी... एखादा ठिपका कुठे ठेवलाय का?"

"मागच्या चाकाच्या रबरावर."

"बरं केलं," शेट म्हणाले आणि आत बसले.